भाग्याची दाढ

राधाक्काच्या भातात भांगलण चालली होती. श्रावण निम्मा सरला होता. अळणावरच्या बाजूचा पाऊस या दिवसांत धो धो पडत नाही, पण थांबतही नाही. ओल्या फडक्यासारखा पाठीवर बसून राहतो. बायका ओळ धरून वाकल्या होत्या. डाव्या हातानं भात बाजूला करायचं, उजव्या हातानं तण मुळासकट उपटायचं आणि चिखलातच दाबून टाकायचं. प्रत्येकीच्या डोक्यावरून पाठीवर युरियाच्या पोत्याची खोळ होती.

यल्लुबाईला तिच्या आईचं इरलं आठवायचं. बांबूच्या कामट्या, मध्ये पळसाची पानं. त्याखाली आई आणि ती, दोघी मावायच्या. आत बसून पावसाचा आवाज ऐकत गूळ-चुरमुरे खायला काय मजा यायची.

"इरल्यात घरात बसल्यावानी वाटायचं," ती म्हणाली. "ह्या पिशवीत नुसतं भाजीवानी वाटतंय."

बायका हसल्या. राधाक्का मात्र हसली नाही. तिचं लक्ष आभाळाकडं होतं.

"सुनिता, उद्या खालच्या पट्टीला लागूया. तण गुडघ्याला आलंय."

सुनितानं वाकल्या वाकल्या सासूकडं, यल्लुबाईकडं बघितलं. तिनं नजर तणात घातली.

"उद्या जमायचं न्हाई, अक्का," सुनिता म्हणाली. "धारवाडला जायाचं हाय. भाग्याची दाढ."

"परत दाढ?"

"परत दुखूलालीय."

"आणि यल्लू बी जाणार?"

"मला कन्नड कुठं येतंय? त्यास्नी न्यायलाच पाहिजे."

हे खरं होतं. सुनिता चंदगडकडची. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी तिचं कन्नड 'बर्री' आणि 'होग्री', म्हणजे या आणि जा, याच्या पलीकडं गेलं नव्हतं. पण राधाक्काचं म्हणणंही खोटं नव्हतं. मुयाळात पैशाची बात नसते. आज मी तुझ्या शेतात वाकायचं, उद्या तू माझ्या शेतात वाकायचं. कुणी कुणाकडं किती वाकलं हे राधाक्काच्या डोक्यात असायचं, आणि तिचं डोकं कधी चुकायचं नाही. ऐन भांगलणीत एका घरचे दोन हात गेले की बाकीच्यांच्या पाठीवर ते येतात.

"त्या पोरीला दाढा हायत तरी किती गे?" राधाक्का म्हणाली. "अख्खं तोंड काढून झालं असतं एवढ्यात."

मग औषधं सुरू झाली. एकीनं लवंग सांगितली. एकीनं पेरूचा पाला. एकजण म्हणाली की तिच्या भावाच्या दाढेतला किडा वाफाऱ्यानं बाहेर आला होता, चांगला वळवळत होता. यल्लुबाई सगळ्यांना "व्हय व्हय" म्हणत राहिली. दाढेची थाप तिनंच मारली होती. आता थापेला मुळं फुटली होती आणि ती उपटायचं बळ तिच्यात नव्हतं.

भाग्याचे दात मोत्यासारखे होते.

*

सुनिताची लेक भाग्यलक्ष्मी सातवीत होती. मागच्या उन्हाळ्यापासून तिला धुण्याचं वेड लागलं. तेव्हा कुणी त्याला वेड म्हटलं नाही, उलट कौतुक केलं. पोरगी शाळेतून आली की हातपाय धुते, जेवणाआधी ताट धुते, धुतलेलं ताट परत धुते. यल्लुबाई शेजारपाजारी सांगत सुटली, आमच्या भाग्याला कसं सगळं नीट लागतं. पोरीचा बाप बाळकृष्ण गोव्यात गवंडीकामावर असायचा, त्याला फोनवर सांगितलं, तोही खूष.

मग ती बोअरच्या नळाशी तासन्‌तास बसू लागली. साबण वितळून जायचा, घागर रिकामी व्हायची, हात धुऊन होत नसत. बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या, त्यातून रक्त यायला लागलं. म्हशीचं शेण अंगणात पडलं तर ती घरात कोंडून घ्यायची. शेतकऱ्याच्या घरात शेण कसं टाळणार? बाकावर कोण बसलं होतं कुणास ठाऊक, म्हणून ती शाळेतनं रडत परत आली आणि पुढं जाईनाशी झाली. सारखी विचारायची, "आज्जी, माझे हात स्वच्छ हायत न्हवं?" यल्लुबाई म्हणायची, "व्हय बाळा, स्वच्छ हायत." पोरगी घटकाभर निवायची आणि परत नळावर जायची.

एक दिवस यल्लुबाईनं तिचे हात आपल्या हातात घेतले. जुन्या आंब्याच्या सालीसारखे झाले होते. आणि तिला तिची धाकटी आत्या आठवली.

आत्या ओढ्यावर धुणं घेऊन जायची ती दिवस मावळला तरी यायची नाही. कोपरापर्यंत हात सोलवटलेले. देवीचं आहे म्हणाले, उतारे केले, आणि शेवटी परड्यातल्या खोलीत ठेवलं. यल्लुबाई तेव्हा परकर नेसायची. दाराच्या फटीतनं ती आत्याला भाजलेल्या शेंगा द्यायची. आत्या शेंग सोलायची आणि दाणा परत फटीतनं बाहेर सरकवायची. "तू खा, पोरी. माझा हात घाण हाय." आत्या फार दिवस जगली नाही. धारवाडचा वेड्यांचा दवाखाना तेव्हाही होता. भाकरी बांधून सकाळी निघालं तर दुपारी पोचावं, एवढ्या अंतरावर होता. पण त्या दवाखान्याचं नाव गावात फक्त शिवी म्हणून घेतलं जायचं.

"हिला मी खोलीत बसू देणार न्हाई," यल्लुबाई सुनेला म्हणाली.

आधी हुबळीला गेल्या, विद्यानगरातल्या कातडीच्या डॉक्टरकडं. हाताला झालंय म्हणजे हाताचा डॉक्टर, असा साधा हिशेब. त्यांनी मलम दिलं, पण हात उलटसुलट बघून ते म्हणाले, "मलम मी देतो, अज्जी, पण दुखणं हातात नाही. धारवाडला सरकारी मानसिक रुग्णालयात घेऊन जा. चांगले डॉक्टर आहेत, औषध फुकट मिळतं. आणि घाबरू नका."

आशाताई अनितानंही तेच सांगितलं. म्हणून एका सकाळी तिघी गाडीनं धारवाडला उतरल्या. स्टेशनाबाहेर रिक्षावाल्यानं विचारलं, "एल्लिगे, अज्जी?" कुठं जायचं?

यल्लुबाईचं कन्नड पाण्यासारखं वाहायचं. बाजारात ती कुणालाही हार जायची नाही. पण त्या क्षणी तिनं आधी आजूबाजूला बघितलं. भोवती अळणावरची दोन-चार ओळखीची तोंडं उभी होती. नाव कसं घेणार?

"मळमड्डीला," ती म्हणाली.

"अज्जी, मळमड्डी हीच की. तुम्ही उभ्या हायसा तीच."

"मग... जरा पुढं."

"पुढं कुठं?"

"जिथं मोठी झाडं हायत तिकडं."

धारवाडात मोठी झाडं कुठं नाहीत? रिक्षा त्यांना घेऊन कॉलेजांपुढनं फिरली, तळ्याच्या बाजूला गेली, परत आली. शेवटी यल्लुबाईनं कुठल्याशा कोपऱ्यावर उतरून घेतलं. तिघी पावसात भिजत चालल्या. छत्री घेतलेले एक म्हातारे मास्तर दिसले, त्यांच्याजवळ जाऊन तिनं हळूच, चोरीचा माल विकावा तसं नाव सांगितलं. मास्तर मोठ्यानं म्हणाले, "मेंटल हॉस्पिटल? असं सरळ जावा की, डाव्या हाताला." रस्त्यावरच्या एकानंही मान वळवून बघितलं नाही. पण भाग्याचं तोंड लाल झालं होतं.

"आज्जी, शाळेत कुणाला कळलं तर मी परत येणार न्हाई," ती म्हणाली. "शपथ घे."

यल्लुबाईनं गळ्याला हात लावून शपथ घेतली. घरी पोचायच्या आत दाढ तयार झाली.

*

दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती. ती भाग्याशीच बोलली, आई-आजीला बाहेर बसवून. नंतर म्हणाली, "हा आजार आहे. पुष्कळ मुलांना होतो. मुलीचा दोष नाही, तुमचाही नाही, देवीचाही नाही." सुनिता तिथंच ढसाढसा रडली. हा नुसता आजार आहे म्हटल्यावर तिला केवढा धीर आला होता.

गोळी सुरू झाली. आणि स्वाती मॅडम भेटल्या. त्यांचं काम औषध द्यायचं नव्हतं, बोलायचं होतं. मराठी छान बोलायच्या, खानापूरकडच्या होत्या. त्या अभ्यास द्यायच्या. बाकाला हात लावायचा आणि लगेच धुवायचं नाही, थोडं थांबायचं. भीती वर चढते, चढू द्यायची. मग ती आपसूक उतरते.

यल्लुबाईलाही त्यांनी अभ्यास दिला, आणि तो सगळ्यात अवघड निघाला. "आज्जी, भाग्यानं विचारलं की हात स्वच्छ आहेत का, तर हो म्हणायचं नाही."

"मग न्हाई म्हणू?"

"नाही पण नाही. म्हणायचं, काय की."

"पोर तळमळतंय आणि मी म्हणू काय की?"

"तुमचं 'हो' ऐकायची तिला सवय झालीय. ते बंद झालं तरच ती त्याच्यावाचून राहायला शिकेल."

पहिला आठवडा यल्लुबाईला उपवासापेक्षा जड गेला. पोरगी डोळ्यांत पाणी आणून विचारायची, आणि ही चुलीकडं तोंड करून म्हणायची, "काय की गे बाई." म्हणताना तिचा आवाज फुटायचा. एकदा भाग्या चिडून म्हणाली, "तुला काय बी म्हाईत नसतंय काय?" यल्लुबाई म्हणाली, "काय की." आणि दोघींना एकदम हसू आलं. किती दिवसांनी पोरगी हसली होती.

हळूहळू हातावर कातडी धरली. पंधरवड्यापासून भाग्या अर्धा दिवस शाळेत बसून यायला लागली होती. गोळ्या आणि अभ्यास मध्येच सोडायचे नाहीत, महिन्याला यायचंच, आईनं पण यायचं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. म्हणून दाढ दुखतच राहिली.

*

राधाक्काच्या शेतातनं परतताना नागोजी त्यांच्या वाटेत उभा होता. एका गालावर मफलर बांधलेला.

नागोजी त्यांच्या घरामागं राहायचा. बायको रुक्मा संक्रांतीच्या सुमारास गेली. तेव्हापासून तो, त्याची म्हैस आणि कुलूप न लावलेलं घर. पूर्वी भजनात टाळ धरायचा, आता धरत नसे. दाढीची खुंटं वाढलेली.

"वैनी, उद्या धारवाडला चाललायसा म्हणं."

"व्हय, भावजी."

"मला बी न्या. दाढेनं जीव खाल्ला माझा. भाग्याचा डॉक्टर चांगला दिसतोय, इतकं बोलवून घेतोय म्हणजे."

यल्लुबाईनं सुनेकडं बघितलं. सुनितानं झाडाकडं.

"तिथं लई गर्दी असतीय," यल्लुबाई म्हणाली.

"मला काय काम हाय? बसतो की."

"ते... पोरांच्या दाढांचं हाय."

"दाढ काय वय बघून दुखतीया?"

नको कसं म्हणायचं? रुक्मानं यल्लुबाईची तीन बाळंतपणं केली होती.

सकाळच्या गाडीत नागोजी धुतलेला सदरा घालून भाग्यासमोर बसला. खिडकीतनं भातं मागं पळत होती. तो तिला म्हणाला, "तोंड उघड बघू, कुठली हाय ती?" भाग्यानं ओठ घट्ट मिटले. "बघा, किती दुखूलालंय पोरीला," तो यल्लुबाईला म्हणाला.

धारवाडात रिक्षा नेहमीसारखी अलीकडच्या कोपऱ्यावर सोडली. नागोजी म्हणाला, "हितं कुठं दवाखाना दिसंना." यल्लुबाई म्हणाली, "जरा पाय मोकळं हुतील." आत जाताना पाटी होती, पण नागोजीचं आणि अक्षरांचं कधी जमलं नव्हतं.

चिठ्ठीच्या खिडकीतला माणूस खाली बघतच विचारायचा, "पेशंट यार?" पेशंट कोण? सुनितानं भाग्याला पुढं केलं, तेवढ्यात नागोजीनं वरनं हात घातला. "नानरी!" मी. मोठ्या अभिमानानं. खिडकीतल्यानं त्याचीही चिठ्ठी फाडून दिली.

लांबलचक व्हरांड्यात बाकं होती. गदगची, हावेरीची, बागलकोटची माणसं डबे-पिशव्या घेऊन बसली होती. एक बाई लेकराला ज्वारीची रोटी चारत होती. नागोजीनं शेजारच्या तरुणाला प्रेमानं विचारलं, "तुझी कुठली दाढ, तम्मा?"

तो तरुण चक्रावला. "दाढ नाही, अज्जा. मला मागं सारखं वाटायचं, माणसं मला मारायला येऊलाल्यात. घरातली भांडी बोलतात असं वाटायचं. आता बरं आहे. गोळ्या न्यायला आलोय."

नागोजीनं मफलर हळूहळू सोडला. व्हरांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला. मग म्हणाला,

"वैनी, हे दाढेचं न्हवं."

"न्हवं, भावजी."

"येड्यांचा..."

"दवाखाना हाय," यल्लुबाई म्हणाली. "नुसता दवाखाना म्हणा."

भाग्या ताडकन उठली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. ती व्हरांड्याच्या टोकाला नळाकडं गेली, आणि यल्लुबाईला पाठमोऱ्या पोरीचे दोन्ही खांदे हलताना दिसले. घासत होती. पूर्वीसारखी घासत होती. सुनिता उठायला लागली तर यल्लुबाईनं तिचा पदर धरला. अभ्यास होता, आपण आवरायला जायचं नाही. पण बसवत नव्हतं. एवढ्या महिन्यांचं सगळं त्या नळाखालनं वाहून चाललंय असं तिला दिसत होतं.

"मला कळलं न्हाई गे," नागोजी कुणाकडंही न बघता म्हणाला.

तेवढ्यात आतनं हाक आली, "नागोजी!" तो गोंधळून उठला आणि आत गेला. दार उघडं होतं.

"काय होतंय, अज्जा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दाढ दुखतीया."

"दाढेचा दवाखाना वेगळा, मी चिठ्ठी देते. पण आलाच आहात तर बसा. झोप लागते?"

"झोप व्हय?" नागोजी हसला. हसणं अर्ध्यावर थांबलं. "गोठ्यात म्हशीनं कूस बदलली तर मला कळतंय, बाई. रुक्मा गेल्यापासनं..."

दार लागलं. पुष्कळ वेळानं तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि नाक तो मफलरलाच पुसत होता. भाग्या परत येऊन बाकाच्या टोकाला बसली होती. तिच्याशेजारी तो बसला.

"बाई चांगली हाय," तो म्हणाला. "रुक्मा भाजी कशाची चांगली करायची, ते बी इचारलं तिनं. एवढ्या दिवसांत कुणी इचारलं न्हवतं."

भाग्यानं त्याच्याकडं बघितलं.

त्या दिवशी स्वाती मॅडमकडं पेढे होते, कुणाचा तरी वाढदिवस. त्यांनी भाग्याला बाकावर तळहात घासायला लावला आणि त्याच हातावर पेढा ठेवला. "खायचा."

"आज न्हाई," भाग्या म्हणाली. "आज मला न्हाई जमायचं."

"बरं. घेऊन जा. जमेल तेव्हा."

परतीच्या गाडीत कागदात गुंडाळलेला पेढा तिच्या मांडीवर होता. अळणावर आलं तेव्हा ती म्हणाली, "आज्जी, मी आता येणार न्हाई. शपथ घेतली हुतीस तू." नागोजी पुढं चालत होता, त्याला ऐकू गेलं की नाही कळलं नाही.

*

रविवारी मुयाळ यल्लुबाईच्या शेतात होतं. ती पहाटेपासून बांधावर होती. बायका येतील का, आणि आल्या तर काय तोंड घेऊन येतील? पण एकेक खोळ दिसायला लागली. राधाक्का सगळ्यात पुढं. तिनं साडी खोचली आणि ओळ धरली. म्हणजे नागोजी बोलला नव्हता. अजून तरी.

दुपारी भाग्या भाकरीची बुट्टी घेऊन आली. सगळ्याजणी आंब्याखाली बसल्या. भाकरी, वाटाण्याची उसळ, हिरव्या मिरचीचा ठेचा. तेवढ्यात म्हशीला हाकत नागोजी आला. दाढी केली होती त्यानं.

"या भावजी, भाकरी खावा," यल्लुबाई म्हणाली. घास तिच्या हातातच राहिला होता.

"काय नागोजीदा," राधाक्का म्हणाली, "उतरली काय दाढ?"

"दाढ तशीच हाय. पण झोप आली दोन दिवस."

"दाढेच्या डॉक्टरनं झोपेचं औषध दिलं?"

"दाढेचा न्हवं," नागोजी म्हणाला आणि बुट्टीतली भाकरी मोडून घेतली. "मी येड्यांच्या दवाखान्यात जाऊन आलो."

बायका हसायला लागल्या.

"आम्ही कवापास्नं सांगूलालोय, तुमचं ठिकाण तेच हाय!"

"म्हशीला बी न्यायचं हुतंसा!"

"हसा," नागोजी म्हणाला. त्यालाही हसू येत होतं. "मी एकटा गेलो, एकटा आलो. वाट चुकलो आणि तिथं शिरलो. पण चांगलं झालं. परत जाणार हाय मी."

तो यल्लुबाईकडं बघत नव्हता. भाग्याकडं तर मुळीच नाही. सगळी वेडाची ओझी आपल्याच डोक्यावर घेऊन तो भाकरी चावत होता, न दुखणाऱ्या बाजूनं.

पण राधाक्काचं डोकं चुकायचं नाही. "एकटा कसा? ह्यांच्याबरोबर गाडीत बसलास न्हवं? भाग्याच्या दाढेला?"

यल्लुबाईनं तोंड उघडलं. नवी थाप शोधायला लागली. सापडेना.

"माझी दाढ दुखत न्हाई," भाग्या म्हणाली.

ती उभी होती, पाण्याचा तांब्या हातात. आवाज लहान होता पण फुटला नाही.

"मलाच तिथं नेत्यात. अज्जांना आमी नेलं. मला धुवायचा आजार हाय. म्हणजे हुता. म्हणजे हाय अजून, पण कमी झालाय." मग तिनं नागोजीकडं बघितलं. "ते एकटे गेले न्हवते. लबाड बोलूलाल्यात."

म्हैस फुरफुरली. कडेची एक बाई हळूच पदर सावरून थोडी लांब सरकली, आणि ते यल्लुबाईच्या नजरेतनं सुटलं नाही. राधाक्कानं हातातला घास खाली ठेवला.

"हे तू आमाला आधी का सांगितलं न्हाईस, यल्लू?"

"काय सांगू?"

"लवंगा दिल्या मी. चांगल्या घरच्या लवंगा."

"त्या चहात घातल्या."

कुणीतरी फिस्सकन हसलं. राधाक्का हसली नाही. ती उठून बांधाकडं गेली आणि यल्लुबाईला मानेनं बोलावलं. पण तिला हळू बोलता यायचं नाही, सगळ्यांना ऐकू गेलं.

"आमच्या धाकट्या सुनेला बघतील काय तिथं? बाळंत झाल्यापासनं भिंतीकडं तोंड करून पडतीय. बाळाला घेईना. बाहेरचं हाय म्हणून सगळं करून झालं."

"बघतील की," यल्लुबाई म्हणाली. "लवकर ने मात्र. महिन्याची वाट बघू नको."

"मला कुठं ठाऊक हाय तिथलं? तुमीच न्या."

"न्यायला काय. पण मुयाळाचं—"

"मुयाळाचं मी बघते." राधाक्का वळून सगळ्यांना म्हणाली, "ऐका गे. यल्लू आणि सुनिता धारवाडला जातील तो दिवस मुयाळात धरला. माझ्या शेतात वाकल्यावानीच. कुणाला काय म्हणायचं हाय?"

लांब सरकलेली बाई म्हणाली, "दवाखान्यात बसायचं आणि मुयाळ?"

"तू चल की मग गाडीत उभी राहून," राधाक्का म्हणाली. "कळंल वाकणं सोपं का बसणं सोपं."

ते तिथंच संपलं. बायका परत ओळीला लागल्या. भाग्या बुट्टी आवरून निघाली, बांधापर्यंत गेली, आणि थांबली. चपला काढल्या. परकर वर खोचला आणि आजीच्या शेजारी चिखलात उतरली. तिचा एक हात भाताला धरून होता, दुसरा हवेत. मग तो चिखलात गेला. तण वर आलं, मुळासकट, थेंब गळत.

"आज्जी, ह्यात काय घाण नसेल न्हवं?"

शेण होतं, गांडुळं होती, जळवा होत्या. यल्लुबाईनं खाली मान घातली.

"काय की गे बाई."

"काय की," पलीकडनं राधाक्का म्हणाली, कशाला ते न कळताच.

भाग्या हसली. संध्याकाळी बांधावरच्या गवताला तिनं हात पुसले, परकराच्या खिशातनं कागद काढला आणि चेपलेला पेढा खाल्ला. त्याला मातीचा वास येत असणार. यल्लुबाई बघत राहिली. तिला वाटलं, फटीतनं सरकवलेला दाणा इतक्या वर्षांनी कुणीतरी तोंडात टाकला.

*

चार दिवसांनी अळणावरच्या स्टेशनात त्यांची टोळीच उभी होती. राधाक्का, तिची सून, कुंचीतलं बाळ, सुनिता, यल्लुबाई, भाग्या. आणि नागोजी, परत गालाला मफलर बांधून.

धारवाडला उतरल्यावर रिक्षा पुढं आली. "एल्लिगे?"

यल्लुबाईनं सवयीनं इकडं तिकडं बघितलं. ओळखीची दोन तोंडं होती. ती 'मळमड्डी' म्हणणार, तेवढ्यात भाग्या पुढं झाली आणि खणखणीत कन्नडमध्ये म्हणाली, "मेंटल हॉस्पिटलला. गेटच्या आत सोडायचं. आणि तिथनं ह्या अज्जांना दातांच्या दवाखान्यात."

रिक्षावाल्यानं टोळीकडं बघितलं. त्याला फक्त एकच काळजी होती. "इतकी माणसं माझ्या रिक्षात?"

"बसत्यात," राधाक्का म्हणाली आणि आधी बाळ आत दिलं.

दाटीवाटीनं सगळी बसली. भाग्या आजीच्या मांडीवर, नागोजी ड्रायव्हरजवळ अर्धा बाहेर. रिक्षा निघाली तसा त्यानं मागं वळून विचारलं,

"भाग्या, दाढ काढताना दुखणार न्हाई न्हवं गे?"

"काय की, अज्जा," भाग्या म्हणाली, आणि राधाक्काची सून, जी घरापासून एक शब्द बोलली नव्हती, तिनं मान वर करून त्या दोघांकडं बघितलं.